मोबाइलवर फोटो काढणे आणि ते ॲपमध्ये सुधारणे

फोटो सुधारण्याचे कोणतेही ॲप कॅमेऱ्याने नोंदवलेल्या प्रकाशावरच काम करू शकते. आकाशाचा एखादा भाग फोटोत पूर्ण पांढरा पडला असेल, तर त्या जागी ढगांचा आकार मुळात नोंदलाच गेलेला नसतो आणि स्लायडर कितीही खाली ओढला तरी तिथे मळकट राखाडी पट्ट्याखेरीज काही उमटत नाही. याउलट सावलीत बुडालेला चेहरा बऱ्याच वेळा बाहेर काढता येतो, कारण अंधाऱ्या भागात थोडी का होईना, माहिती शिल्लक असते. एवढी एक गोष्ट लक्षात घेतली की फोटो काढण्याची आणि सुधारण्याची पद्धत आपोआप ठरत जाते : काढताना उजळ भाग सांभाळायचे, सुधारताना गडद भाग हलक्या हाताने उचलायचे आणि दोन्ही कामे एकमेकांना धरून करायची. या लेखातील बहुतेक सूचना याच सूत्रातून येतात.

कोणती ॲप घ्यावीत

फोटो काढण्यासाठी फोनबरोबर आलेले कॅमेरा ॲपच बहुतेक प्रसंगी सर्वांत चांगले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. आजचा फोन बटण दाबल्यावर एकच फोटो घेत नाही. तो एकामागोमाग अनेक चौकटी टिपतो, त्या एकमेकींवर बसवतो आणि त्यांतून कमी दाणेदार, उजळ व गडद दोन्ही भाग सांभाळणारे एकच चित्र तयार करतो. गुगलने ही पद्धत 'एचडीआर प्लस' या नावाने आपल्या नेक्सस फोनवर आणली आणि २०१८ मध्ये आपल्याच पिक्सेल फोनसाठी दिलेला 'नाइट साइट' हा प्रकार तिच्याच पुढचा टप्पा होता. अशी प्रक्रिया त्या त्या फोनच्या सेन्सरला (प्रकाश नोंदवणाऱ्या भागाला) आणि लेन्सला जुळवून केलेली असते. बाहेरून घेतलेल्या ॲपला ती पूर्णपणे वापरता येईलच असे नसते, त्यामुळे अधिक नियंत्रणे दिसतात म्हणून नवे ॲप घेतल्यावर फोटो उलट फिके आणि दाणेदार आल्याचा अनुभव अनेकांना येतो.

वेगळे कॅमेरा ॲप तेव्हाच घ्यावे, जेव्हा शटरचा वेग (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा) किंवा फोकस स्वतःच्या हाती ठेवण्याची खरी गरज असते आणि फोनच्या स्वतःच्या ॲपमध्ये 'प्रो' प्रकार नसतो. अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' हे मोफत आणि मुक्तस्रोत ॲप यासाठी पुरेसे आहे. आयफोनवर 'हॅलाइड' हे अशाच नियंत्रणांसाठी वापरले जाते. 'लाइटरूम' या फोटो सुधारण्याच्या मोबाइल ॲपमध्ये स्वतःचा कॅमेराही असतो.

संपादनासाठी दोन नावे पुरेशी आहेत. 'स्नॅपसीड' २०११ मध्ये निक सॉफ्टवेअर या कंपनीने आयपॅडसाठी आणले आणि पुढच्याच वर्षी गुगलने ती कंपनी विकत घेतली. ते मोफत आहे आणि त्यातली एखाद्या भागापुरता बदल करण्याची साधने आजही उत्तम आहेत. 'लाइटरूम' हे अ‍ॅडोबीचे ॲप २०१४ मध्ये मोबाइलवर आले. त्यातली बरीच साधने मोफत मिळतात, काहींसाठी वर्गणी भरावी लागते. रॉ फाइलींवर (सेन्सरच्या कच्च्या नोंदीवर) नियमित काम करायचे असेल आणि एकसारख्या प्रकाशात घेतलेल्या अनेक फोटोंना एकच सुधारणा लावायची असेल, तर लाइटरूम अधिक सोयीचे पडते. एकेका फोटोवर मन लावून काम करायचे असेल, तर स्नॅपसीडमध्ये सगळे मिळते. दोन्ही एकदम शिकू नयेत. एकच ॲप निवडून त्यातल्या प्रत्येक स्लायडरने चित्रात नेमके काय होते हे डोळ्यांना ओळखू येईपर्यंत तेच वापरावे. फोनमध्ये डझनभर ॲप असूनही प्रत्येकातला एखादाच फिल्टर ठाऊक असण्यापेक्षा हे कितीतरी पटींनी उपयोगी ठरते.

ॲप उतरवताना ते अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे आणि ते कोणत्या परवानग्या मागते हे वाचावे. फोटो सुधारणाऱ्या ॲपला फोटोंपर्यंत पोहोचण्याची परवानगी लागते. संपर्कयादी, संदेश किंवा मायक्रोफोन यांची त्याला गरज नसते. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्ही प्रकारच्या नव्या फोनमध्ये सर्व फोटोंऐवजी निवडक फोटोच दाखवण्याची सोय असते, ती वापरावी.

सेटिंगमधले चार बदल

पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड चालू करावे. पडद्यावर दोन आडव्या आणि दोन उभ्या रेषा दिसू लागतात. त्यांचा खरा उपयोग क्षितिज आणि भिंती सरळ राखण्यासाठी होतो. विषय रेषांच्या छेदावर ठेवावा हा नियम चांगला असला तरी तो प्रत्येक फोटोला लागू पडत नाही.

दुसरा मुद्दा मेगापिक्सेलचा आहे आणि तो थोडा सविस्तर पाहायला हवा. ४८ किंवा ५० मेगापिक्सेलचा सेन्सर असलेला फोन नेहमीच्या प्रकारात बहुधा साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, कारण तो शेजारच्या चार पिक्सेलांनी गोळा केलेला प्रकाश एकत्र करून त्यांचा एक पिक्सेल बनवतो. १०८ मेगापिक्सेलच्या सेन्सरमध्ये नऊ, तर २०० मेगापिक्सेलच्या सेन्सरमध्ये सोळा पिक्सेल असे एकत्र केले जातात. यामुळे कमी प्रकाशात फोटो अधिक स्वच्छ येतो. पूर्ण मेगापिक्सेलचा प्रकार भरपूर उन्हात, स्थिर विषयासाठी आणि मोठी छपाई किंवा बरेच क्रॉप करायचे (कडा कापायच्या) असेल तेव्हाच वापरावा. एरवी त्यातून मोठ्या फाइलींखेरीज फारसे हाती लागत नाही.

तिसरी निवड फाइलच्या प्रकाराची असते. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ सोबत 'हाइफ' हा प्रकार आणला आणि आता अनेक अँड्रॉइड फोनही तो देतात. त्याच दर्जासाठी हाइफची फाइल जेपेग (जेपीजी) या नेहमीच्या प्रकाराच्या जवळपास निम्मी असते, पण जुन्या संगणकांवर आणि काही संकेतस्थळांवर ती उघडत नाही. फोटो वारंवार इतरांना पाठवावे लागत असतील, तर जेपेग ठेवणे सोयीचे असते.

चौथी सेटिंग स्थानाची. कॅमेऱ्याला स्थान वापरण्याची परवानगी असेल, तर प्रत्येक फोटोबरोबर तो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये लिहिले जातात. प्रवासातले फोटो शोधताना ही माहिती फार कामी येते. मात्र घरातल्या मुलांचा फोटो अनोळखी व्यक्तीला मूळ फाइलच्या रूपात पाठवला, तर त्याबरोबर घराचा पत्ताही जातो, म्हणून पाठवण्यापूर्वी स्थान काढून टाकायला शिकून घ्यावे. आयफोनमध्ये पाठवण्याच्या पडद्यावरच्या पर्यायांत ही सोय आहे.

याशिवाय लेन्स पुसावी. बोटांचा तेलकट थर लेन्सवर असला की दिव्यांभोवती धुरकट वलये येतात आणि साऱ्या फोटोवर पांढुरकी छटा पसरते. ती ॲपमध्ये घालवण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा मऊ सुती कापडाने लेन्स पुसणे सोपे असते.

फोटो काढताना

पडद्यावर विषयाला स्पर्श केल्यावर फोन तिथे फोकस साधतो आणि त्याच जागेच्या उजेडावरून एक्स्पोजरही (फोटो किती उजळ घ्यायचा हेही) ठरवतो. बोट तसेच दाबून धरले तर बहुतेक फोनमध्ये दोन्ही कुलूपबंद होतात, म्हणजे फोन थोडा हलवला किंवा कोणी मधून गेले तरी ते बदलत नाहीत. त्यानंतर शेजारी दिसणारे सूर्याचे चिन्ह वर-खाली सरकवून फोटो उजळ किंवा गडद करता येतो. या तीन क्रिया, म्हणजे स्पर्श, कुलूप आणि सरकवणे, हाताला इतक्या सवयीच्या झाल्या पाहिजेत की त्यांच्यासाठी थांबून विचार करावा लागू नये.

खिडकीजवळ बसलेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. खिडकीबाहेर कडक ऊन आहे आणि चेहरा निम्मा सावलीत आहे. चेहऱ्याला स्पर्श केला की फोन चेहरा उजळ करतो आणि खिडकी पूर्ण पांढरी पडते. खिडकीला स्पर्श केला की बाहेरचे झाड दिसू लागते, पण चेहरा काळवंडतो. अशा वेळी फोकस चेहऱ्यावरच कुलूपबंद करावा आणि मग एक्स्पोजर हळूहळू खाली आणून, चेहऱ्यावर ज्या बाजूने उजेड पडतो आहे तिथले कातडीचे बारकावे दिसू लागतील तिथे थांबावे. पडद्यावर फोटो थोडा गडद वाटेल. ती सावली नंतर उचलता येते. पांढरा पडलेला गाल मात्र परत मिळत नाही. खिडकीबाहेरचे दृश्य या फोटोत महत्त्वाचे नसेल तर ते पांढरे पडू द्यायला हरकत नाही, कारण सांभाळायचा उजळ भाग कोणता हे प्रत्येक फोटोच्या विषयावरून ठरते. खरे तर या उदाहरणातला सर्वांत चांगला उपाय ॲपमध्ये नाहीच : स्वतः खिडकीच्या बाजूला जाऊन उभे राहावे आणि त्या माणसाला खिडकीकडे तोंड करायला सांगावे.

उजळ भाग पांढरा पडतो आहे की नाही हे उन्हात पडद्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी हिस्टोग्राम असतो. हा आलेख डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ पिक्सेलांची संख्या दाखवतो, आणि उजव्या काठाला तो उंच भिंतीसारखा चिकटला की तेवढा भाग हातचा गेला असे समजावे. ओपन कॅमेऱ्यात आणि अनेक फोनच्या प्रो प्रकारात तो चालू करता येतो.

दुसरी मोठी गोष्ट अंतराची. फोनची मुख्य लेन्स रुंद दृश्य टिपणारी असते. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे 'फुल फ्रेम' कॅमेऱ्याच्या भाषेत ती सुमारे २४ ते २६ मिलिमीटरची भरते. अशा लेन्सने अगदी जवळून चेहरा टिपला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. हा लेन्सचा दोष नसून जवळिकीचा परिणाम असतो, त्यामुळे दोन-तीन पावले मागे जाऊन दुप्पट झूम वापरल्यास चेहरा त्याच्या खऱ्या प्रमाणात येतो. झूम करताना एक भेद लक्षात ठेवावा : फोनमध्ये वेगळी टेलिफोटो (दूरचे जवळ आणणारी) लेन्स असेल तर तिच्या आकड्यावर मिळणारा झूम खरा असतो, त्यापलीकडचा झूम हे मुख्यतः क्रॉप करून मोठे केलेले चित्र असते. तेवढे क्रॉप संपादनातही करता येते, म्हणून टोकाचा झूम वापरण्याऐवजी जवळ जाणे शक्य असेल तर जवळ जावे.

हलत्या विषयासाठी शटरचा वेग महत्त्वाचा असतो. चालणाऱ्या माणसासाठी सेकंदाचा २५० वा भाग आणि धावणाऱ्या मुलासाठी ५०० वा भाग किंवा त्याहून कमी काळ शटर उघडे ठेवले, तर आकृती पुसट होत नाही. नेहमीच्या ॲपमध्ये हा वेग आपल्याला ठरवता येत नाही, म्हणून भरपूर उजेड असलेली जागा निवडणे आणि सलग अनेक फोटो घेऊन त्यांतला चांगला ठेवणे हाच मार्ग उरतो. प्रो प्रकारात शटरचा वेग वाढवला की आयएसओ वाढवावा लागतो आणि आयएसओ दुप्पट केला की दाणे वाढतात. पण दाणेदार फोटो पाहवतो, हललेला पाहवत नाही. मला विचाराल तर या दोहोंमध्ये दाणे केव्हाही पत्करावेत.

काही एलईडी आणि ट्यूबलाइटच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे दिसतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटरचा वेग १/१०० किंवा १/५० ठेवला की पट्टे बहुधा जातात. ६० हर्ट्झच्या देशांत हेच आकडे १/१२० आणि १/६० होतात.

रात्रीच्या प्रकारात फोन काही सेकंद प्रकाश गोळा करतो. तेवढा वेळ कोपर अंगाला टेकवून किंवा फोन भिंतीला लावून स्थिर ठेवावा आणि बटणाऐवजी दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा, कारण बटण दाबण्याच्या धक्क्यानेही फोन हलतो. या प्रकारात हलणारी माणसे पुसट येणारच. फ्लॅश माझ्या मते चेहऱ्यासाठी शक्यतो वापरूच नये. लेन्सच्या शेजारून सरळ येणारा तो प्रकाश चेहऱ्याचा उठाव घालवतो. त्याऐवजी दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने, एखाद्या पांढऱ्या भिंतीवर पाडून परावर्तित केला तर उजेड मऊ येतो.

रॉ फाइल कधी घ्यावी

जेपेग फाइलमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. रॉ फाइल ही सेन्सरने दिलेली बरीचशी कच्ची नोंद असते. १० बिटच्या नोंदीत १०२४ आणि १२ बिटच्या नोंदीत ४०९६ पायऱ्या असतात. त्यामुळे सावली बरीच उचलली तरी रंगांच्या पायऱ्या तुटत नाहीत आणि व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीचा रंगांचा समतोल) नंतर मोकळेपणाने बदलता येतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून आणि आयफोनमध्ये २०१६ च्या आयओएस १० पासून बाहेरच्या ॲपना मिळाली. २०२० च्या अखेरीस ॲपलने 'प्रोरॉ' हा प्रकार आणला. त्यात अनेक चौकटी एकत्र करण्याचा फायदा आणि रॉची लवचिकता दोन्ही मिळतात, पण १२ मेगापिक्सेलची एक फाइल सुमारे २५ एमबीची आणि ४८ मेगापिक्सेलची सुमारे ७५ एमबीची होते.

साधी, एका चौकटीची रॉ फाइल पहिल्यांदा पाहिल्यावर बहुतेकांची निराशा होते, कारण ती फिकी आणि दाणेदार असते. फोन जे आपोआप करतो ते सारे तिथे आपल्याला करावे लागते. म्हणून सूर्योदय-सूर्यास्त, रंगमंच, मिश्र उजेडातली खोली अशा अवघड प्रसंगीच रॉ वापरावी आणि तेव्हाही शक्य असेल तर रॉ व जेपेग दोन्ही जतन करण्याचा पर्याय निवडावा. रोजच्या फोटोंसाठी तिची गरज नाही.

संपादन : क्रम आणि संयम

संपादन सुरू करण्यापूर्वी फोनची रात्रीची पिवळसर छटा आणि सभोवतालच्या उजेडाप्रमाणे पडद्याचा रंग बदलणारी सोय बंद करावी, आणि पडद्याची उजळता मध्यम ठेवावी. पूर्ण उजळ पडद्यावर सुधारलेला फोटो दुसऱ्याच्या फोनवर किंवा छपाईत हमखास गडद दिसतो.

पहिले काम क्रॉप आणि सरळ करण्याचे. कडेला आलेला अर्धा हात, वरची विजेची तार, रिकामी जमीन हे आधी कापावे, कारण जो भाग राहणारच नाही त्याच्या उजेडाचा विचार करण्यात अर्थ नसतो. उंच इमारती वरच्या बाजूला निमुळत्या झाल्या असतील तर पर्स्पेक्टिव्हच्या साधनाने त्या सरळ कराव्यात, पण पूर्ण सरळ केल्यास त्या वरून रुंद वाटू लागतात. थोडा उतार राहू द्यावा.

दुसरे काम व्हाइट बॅलन्सचे. दुपारचे ऊन साधारण ५५०० केल्विनचे, तर जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड ३००० केल्विनच्या आसपासचा असतो आणि फोन या दोहोंमधला अंदाज बांधताना चुकू शकतो. फोटोत खरोखर पांढरी किंवा राखाडी असलेली एखादी वस्तू, जसे कागद, सिमेंटची भिंत किंवा शर्टाची कॉलर, ड्रॉपरने (रंग टिपण्याच्या साधनाने) निवडली की रंग ताळ्यावर येतात. मात्र संध्याकाळच्या उजेडाला पांढरे करू नये. तो उजेड पिवळाच असतो आणि त्यासाठीच तो फोटो काढलेला असतो.

तिसरे काम उजेडाचे, आणि याच ठिकाणी सर्वाधिक वेळ द्यावा. आधी हायलाइट्स (उजळ भाग) खाली आणावेत, मग शॅडोज (सावलीचे भाग) वर न्यावेत आणि त्यानंतरच एकूण एक्स्पोजर पाहावे. हे दोन्ही स्लायडर टोकापर्यंत नेले तर चित्रात कुठेच खोल काळा आणि स्वच्छ पांढरा उरत नाही आणि फोटो सपाट, पिठूळ दिसतो. म्हणून शेवटी ब्लॅक्स (सर्वांत काळे भाग) किंचित खाली आणावेत, म्हणजे सावलीला पाया मिळतो. सावलीत काही दिसलेच पाहिजे असा आग्रह धरण्याचे कारण नाही. दाराआडचा अंधार अंधारच राहिला तर नजर चेहऱ्याकडे जाते.

रंगांच्या बाबतीत सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरावे. सॅच्युरेशन सर्व रंग सारखेच भडक करते, तर व्हायब्रन्स फिक्या रंगांना अधिक उचलते आणि कातडीच्या रंगाला जपते. झाडांची हिरवळ विषारी वाटू लागली, तर लाइटरूममध्ये फक्त हिरवा आणि पिवळा रंग निवडून त्यांचे सॅच्युरेशन कमी करता येते.

स्ट्रक्चर, क्लॅरिटी आणि डीहेझ या साधनांचा परिणाम पहिल्या क्षणी मोहक वाटतो. ती कडांजवळचा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदातला फरक) वाढवतात, त्यामुळे दगडी भिंत, ढग, झाडाची साल यांना उठाव येतो. तेच चेहऱ्यावर केल्यास प्रत्येक छिद्र आणि सुरकुती ठळक होते आणि आकाशाच्या कडेला डोंगररांगेभोवती पांढरी रेघ उमटते. ती रेघ दिसली की आपण फार पुढे गेलो असे समजून स्लायडर निम्म्यावर आणावा.

फिल्टरबद्दल माझे मत असे की तो शेवटी, हवाच असेल तर, आणि त्याची तीव्रता निम्म्याहून कमी ठेवून लावावा. कातडी गुळगुळीत करणारी साधने मात्र टाळावीत. माणसाच्या चेहऱ्यावरचे त्याचे वय आणि खुणा पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही, निदान त्याला विचारल्याशिवाय तरी नाही.

एखाद्या भागापुरते बदल

साधा सुधारलेला फोटो आणि खरोखर चांगला सुधारलेला फोटो यांतला फरक बहुतेक वेळा इथे पडतो, कारण डोळा सगळ्या चित्राकडे सारख्याच लक्षाने पाहत नाही. स्नॅपसीडच्या 'सिलेक्टिव्ह' साधनात चेहऱ्यावर बिंदू ठेवावा, दोन बोटांनी चिमटा काढल्यासारखे करून त्याचे वर्तुळ लहान-मोठे करावे आणि मग उजळता थोडी वाढवावी. हे साधन बिंदूखालच्या रंगासारखेच रंग त्या वर्तुळात निवडते, त्यामुळे मागची भिंत फारशी बदलत नाही. तसाच दुसरा बिंदू नजर वेधून घेणाऱ्या मागच्या उजळ वस्तूवर ठेवून तिची उजळता उतरवावी. लाइटरूममध्ये मास्कच्या साधनाने आकाश किंवा मुख्य विषय ॲप स्वतः ओळखून निवडते. निवडीच्या कडा मोठ्या करून तपासाव्यात, विशेषतः केस आणि पानांजवळ, कारण तिथेच चूक राहते.

स्नॅपसीडमधली आणखी एक सोय फार कमी जण वापरतात. केलेल्या प्रत्येक सुधारणेचा थर ॲप जपून ठेवते आणि 'व्ह्यू एडिट्स'मध्ये तो पुन्हा उघडता येतो. तिथे एखादा थर बोटाने फक्त हव्या त्या जागी रंगवून लावता येतो. म्हणजे स्ट्रक्चर सर्वत्र न लावता केवळ इमारतीच्या भिंतीवर लावता येते आणि समोर उभा असलेला माणूस तसाच मऊ राहतो.

कोणताही बदल पुरेसा झाला का हे ठरवताना मूळ फोटो पुन्हा पाहावा. दोन्ही ॲपमध्ये चित्रावर बोट दाबून किंवा तुलनेचे बटण धरून तो दिसतो. त्यानंतर फोन बाजूला ठेवून थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. सलग पाहत राहिल्यावर डोळा भडकपणाला सरावतो.

शार्पनेस सर्वांत शेवटी, फोटो पूर्ण मोठा करून पाहतच वाढवावा. फोनने जेपेग बनवताना दाणे पुसून कडा आधीच धारदार केलेल्या असतात, त्यामुळे बहुतेक जेपेगना त्याची गरज पडत नाही.

नको ते पुसण्याची साधने आता सहज मिळतात. गुगलने 'मॅजिक इरेझर' २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर आणले आणि २०२४ मध्ये ते गुगल फोटोजच्या इतर वापरकर्त्यांसाठीही मोफत केले. भिंतीवरचा डाग किंवा मागून जाणारा अनोळखी माणूस घरगुती फोटोतून काढायला हरकत नसावी. पण ज्या फोटोचा उपयोग घटनेची नोंद, तक्रार, विम्याचा दावा, बातमी किंवा वस्तूची विक्री यासाठी होणार आहे, त्यात काहीही पुसू नये आणि भरही घालू नये. उजेड आणि क्रॉप यांपलीकडे न जाणे हीच तिथली मर्यादा. पुसलेल्या जागी ॲप जे भरते ते कल्पनेने भरलेले असते.

फाइल जतन करताना

मूळ फोटोच्या जागी सुधारलेला फोटो कधीही जतन करू नये. ज्या पर्यायाने वेगळी प्रत तयार होते तोच निवडावा. आयफोनच्या स्वतःच्या फोटो ॲपमध्ये केलेले बदल नंतर मागे घेता येतात, पण बाहेरच्या ॲपमधून निघालेल्या जेपेगला ती सोय नसते, शिवाय जेपेग पुन्हा पुन्हा जतन केली की दर वेळी थोडा दर्जा जातो. ठिकठिकाणी दाखवायच्या प्रतीसाठी एसआरजीबी रंगप्रणाली निवडली की रंग बहुतेक पडद्यांवर सारखे दिसतात.

संदेशाच्या ॲपमधून फोटो पाठवला की तो लहान करून दाबला जातो. व्हॉट्सॲपमध्ये एचडीचा पर्याय निवडला तरी काही प्रमाणात हे होते. मूळ दर्जा हवा असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. तसे केल्यावर स्थानाची माहितीही फाइलबरोबर जाते, हे वर सांगितलेच आहे.

छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल हा नेहमीचा हिशोब धरतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे तो सुमारे १३ बाय १० इंचांपर्यंत निर्धोकपणे छापता येतो. अडचण आकाराच्या प्रमाणात येते : फोनचा फोटो ४:३ या प्रमाणात असतो आणि ६ बाय ४ इंचांचा कागद ३:२ या प्रमाणात, त्यामुळे छापताना वरचा-खालचा भाग कापला जातो. गटाच्या फोटोत डोके कापले जाऊ नये म्हणून क्रॉप स्वतःच ३:२ मध्ये करून मग फाइल द्यावी.

साठवणुकीबाबत एक गैरसमज फार महागात पडतो. फोन आणि क्लाउड यांचे फोटो जुळवून ठेवणारी सेवा ही दुसरी स्वतंत्र प्रत नसते. आयक्लाउड फोटोज चालू असताना फोनवरून फोटो काढून टाकला की तो सगळ्या उपकरणांवरून जातो आणि ३० दिवस कचऱ्याच्या फोल्डरमध्ये राहून कायमचा नाहीसा होतो. गुगल फोटोजमध्ये जतन झालेल्या फोटोसाठी ही मुदत ६० दिवसांची आहे. गुगलची १५ जीबी मोफत जागा ईमेल आणि इतर फाइलींतही वाटली जाते आणि १ जून २०२१ नंतर चढवलेले फोटो त्यात मोजले जातात. जागा वाचवणारा पर्याय निवडल्यास १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान केले जातात. म्हणून महत्त्वाच्या फोटोंच्या मूळ फाइली वेळोवेळी संगणकावर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवाव्यात, त्यांतले दोन-चार उघडून पाहून प्रत खरोखर झाली आहे याची खात्री करावी आणि त्यानंतरच फोनमधली जागा मोकळी करावी.